चार पाण्यांत भिजवलेला मासा

सफाकस, रमजानचा सहावा दिवस

शाद्लिये,

हे अक्षर माझंच आहे. तू कपाळाला आठ्या घालून म्हणशील, सालहाला कुठलं आलंय लिहिता, कुणाच्या तरी हातापाया पडून लिहून घेतलं असेल. नाही गं. मशिदीमागच्या शाळेत संध्याकाळी आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो, तिथे दोन हिवाळे गेले मी. मास्तरीण म्हणते, सालहाबाई, तुमची ओळ बोटीसारखी डुलते. म्हटलं, डुलू दे, किनाऱ्याला लागली म्हणजे झालं. तू सहावीपर्यंत शिकलीस, मी घरी बसून मासे साफ केले. तेव्हा चुका दिसतील त्या पोटात घाल.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद लूदवरच्या हमादीच्या हाती देतेय. लूद इथून सुटली की सव्वा तासात तुझ्या करकेन्ना बेटाला टेकते. सव्वा तास! आणि बारा वर्षांत आपल्या दोघी बहिणींपैकी एकीलाही त्या बोटीची पायरी चढता आली नाही. हमादी म्हणाला, "सालहामावशी, देईन मी, पण तिने माझ्या तोंडावर फेकलं तर?" म्हटलं, तर तू उचलून परत दे, तुझं तोंड काही फार नाजूक नाही.

आधी आनंदाची बातमी. आपली यूसर, तू गेलीस तेव्हा बाहुलीचे केस कापत बसायची ती, माझ्या मुलाची थोरली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला लागली! पांढरा कोट घालते. त्या कोटाला इस्त्री मी करते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तिचं नाक अगदी तुझं आहे. गल्लीत येता-जाता बायका मला थांबवून विचारतात, सालहा, नात डॉक्टर झाली का? मी नाही म्हणत नाही. होही म्हणत नाही. नुसती हसते.

आता दुसरं. माझ्या पोटात एक बारीकसं काही निघालंय, जैतुनाच्या फळाएवढं. आतड्याला चिकटलंय, ते काढायचं. एवढंच. आठवलं म्हणून लिहिलं.

पण कापणारा डॉक्टर सुरी उचलेना. माझे सुजलेले पाय बघितले, जिना चढून आल्यावरची धाप ऐकली आणि म्हणाला, आधी हिचं हृदय तपासा. हृदयाच्या डॉक्टरीणबाई आहेत, फुराती म्हणून, आवाज बारीक पण नजर कोळ्याची. त्यांनी इतर तपासण्या केल्या आणि वर रक्तही काढायला सांगितलं. म्हटलं, बाई, दुखणं छातीत आणि शोधता दंडात? हसल्या. म्हणाल्या, "सालहाबाई, हृदय दमलं, ताणलं गेलं की ते रक्तात चिठ्ठ्या सोडतं. आम्ही त्या मोजतो. जेवढं दमलेलं, तेवढ्या जास्त."

माझ्या किती निघाल्या, सांगू? चार हजार आठशे. यूसरने आकडा बघितला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं पोरीला शिंक आली.

बाईंची रीत अशी. गोळ्या द्यायच्या आणि दर आठवड्याला आकडा बघायचा. उतरला तर गोळी बरोबर, नाही उतरला तर वाढवायची, नाहीतर बदलायची. हजाराच्या आसपास आला की मग सुरी. त्याआधी सुरी लावली तर हृदय टेबलावरच बसेल म्हणाल्या. आणि कापणारा म्हणतो, ईदनंतर तीन आठवडे, त्यापलीकडे ते पोटातलं थांबणार नाही. एक म्हणते दमानं, दुसरा म्हणतो घाई करा. मधे मी, गोळ्या गिळत.

रोजा धरायचा नाही असं बजावलंय. साठ वर्षांत पहिल्यांदा. भर दुपारी ओट्याशी, दाराकडे पाठ करून सूप पिते, सात वर्षांच्या चोरट्या पोरीसारखी. बाहेरून कुणी आलं की वाटी झाकते.

तुझे गुडघे कसे आहेत?

सालहा

—

रमजानचा विसावा दिवस

शाद्लिये,

हमादीने सांगितलं, तू पत्र घेतलंस, पदराला हात पुसलेस आणि न उघडता पिठाच्या डब्याखाली सारलंस. फेकलं नाहीस. एवढ्यावर मी दोन दिवस खुशीत आहे. डब्याखाली का होईना, घरात शिरलं.

आकडा उतरतोय! चार हजार आठशेवरून तीन हजार सातशे, तिथून चोवीसशे. गुरुवारी रिपोर्ट मी स्वतः वाचला. यूसर म्हणाली, आण आजी, मी सांगते. म्हटलं, हात लावू नकोस. आधी माझं नाव वाचलं. छापलेलं माझं नाव मी उभ्या जन्मात पहिल्यांदा वाचलं गं. मग आकडा. दोन, चार, शून्य, शून्य. तिथल्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईलाही वाचून दाखवला. ती बिचारी म्हणाली, मुबारक हो. तिला वाटलं नातवाचे मार्क आहेत.

आणि आकडा नुसता कागदावर नाही उतरला. मी तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपत होते, आता एका उशीवर आले. पायात चपला जातात. लघवीची गोळी बाईंनी दुप्पट केली होती, ती पुन्हा कमी केली आणि हृदयाची दुसरी एक वाढवली. आकड्याकडे बघून ठरवतात, माझ्या तोंडाकडे बघून नाही. बरंच आहे, तोंडाचं माझ्या काही खरं नाही.

मीठ बंद. अगदी बंद. सून हयेत माझं वेगळं शिजवते. मी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं तर म्हणते कशी, "सासूबाई, मीठ नाही म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. मीठ होतं तेव्हाही चोवीस वर्षं तुम्ही माझ्या जेवणाला हेच तोंड केलंत." जिभेला हाड नाही बयेच्या. पण वेगळं शिजवते, न चुकता, स्वतः उपाशी असताना.

हो, त्या जैतुनाचं. डॉक्टर म्हणाला लिंबाएवढं आहे. मोठं जैतून समज.

आता चरमूल्याचे दिवस आले. गल्लीभर कांद्याचा वास सुटलाय. मनुका भिजत पडल्यात, दालचिनी नि गुलाबकळ्या कुटण्याचा आवाज येतो. ईदच्या सकाळी खारा मासा आणि चरमूला नसेल तर सफाकसमध्ये ईद उजाडत नाही. आई कांदा किती मंद आचेवर ठेवायची, आठवतं? सकाळी चढवलेलं पातेलं दुपार कलली तरी हलवत बसायची. आपण दोघी मनुका चोरायचो आणि मार मात्र तुलाच बसायचा, कारण गाल तुझे फुगायचे.

आईचा विषय निघालाच आहे तर एकदा लिहून टाकते. त्या ईदला मी तिला खाऱ्या माशाचा एक घासही दिला नव्हता. तेव्हाही सांगितलं, आत्ताही सांगते. ती गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला तू सगळ्या बायकांदेखत म्हणालीस, "तू आईला मीठ चारून मारलंस." ते मी विसरले असं समज. मी थोरली आहे, मला विसरलं पाहिजे.

सालहा

—

ईदचा चौथा दिवस

शाद्लिये,

ईद मुबारक. उशिरा देतेय.

आकडा वर गेला. ईदच्या आधी एकोणीसशेवर आला होता, काल तीन हजार सहाशे चाळीस निघाला. पुन्हा तीन उशा लागतायत.

यंत्राचं काहीतरी बिघडलं असणार. यूसर म्हणते यंत्र ठीक आहे, दोनदा लावलं. पण त्या दिवशी तिची मैत्रीण यंत्रावर होती, तिचं लग्न मोडलंय नुकतंच, तिचं लक्ष कुठे असणार? शिवाय शेजारची ती आली होती. ईदच्या दिवशी मला बघून म्हणाली, सालहा, तब्येत किती छान सुधारली तुझी. आणि वर नजर लागू नये म्हणून माशाल्लाही म्हणाली नाही. तू सांग, अशाने चढणार नाही आकडा?

बाईंनी विचारलं, "ईदला काय खाल्लंत?" म्हटलं, काही नाही. घरात चरमूला झाला, मासा चार पाण्यांत भिजवला, तोही मीच, हयेतला ते जमत नाही, दोन पाण्यांत काढते नि खारट ठेवते. मुलांनी खाल्ला. मी वास घेतला. वासाने का कुणाचा आकडा चढतो?

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही काही खाल्लं नसेल तर ह्याचा अर्थ वाईट आहे. औषध लागू पडत होतं आणि अचानक हरलं. म्हणजे हृदयच खचत चाललंय. मग मला कापणाऱ्या डॉक्टरांना कळवावं लागेल, हिचं ऑपरेशन नको." सोमवारी बोलावलंय. तेव्हा ठरवतील.

ऑपरेशन नाही म्हणजे ते लिंबू तिथेच. त्याला मी जैतून म्हटलं काय, लिंबू म्हटलं काय, त्याचं खरं नाव काय ते तुलाही कळतं.

यूसर जेवताना माझ्याकडे टक लावून बघते. नाक तुझं म्हटलं होतं ना? बघणंही तुझंच.

तू इथे असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. म्हणून पत्र इथेच थांबवते.

सालहा

—

ईदनंतरचा आठवा दिवस

शाद्लिये,

आज आईला जाऊन बारा वर्षं झाली. आज खोटं लिहिणार नाही. हे पत्र डब्याखाली सारू नकोस, एवढं ऐक. उभ्या उभ्या वाच हवं तर.

मी मासा खाल्ला.

ईदच्या सकाळी, पुरुष नमाजाला गेले होते, हयेत पोरांना कपडे घालत होती. मी एकटी ओट्याशी उभी. महिनाभर रोजा नाही, मशिदीत गेले तरी अगदी मागे बसायचं, सगळे संध्याकाळी पहिल्या घोटाला दुआ मागायचे आणि माझी भूक खोटी. म्हटलं, रमजानने मला घेतलं नाही, निदान ईदने तरी घ्यावं. एक घास म्हणून बसले. बसले कुठली, उभीच होते. तळहाताएवढा तुकडा, मग दुसरा, मग ताटलीतला चरमूला रोटीने पुसून घेतला. चार पाण्यांत भिजवला तरी खारा मासा तो खाराच. दुपारपासून चपला जाईनात.

सोमवारी बाईंनी कापणाऱ्या डॉक्टरांना लिहायला कागद पुढे ओढला. मी गप्प. पेनचं टोपण निघालं, तरी मी गप्प. तेवढ्यात यूसर उठली. पिशवीतून डब्यातला रोटीचा तुकडा काढला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

"आजी, ह्याच्यावर हात ठेव आणि सांग काही खाल्लं नाहीस. मग बाई लिहितील."

शाद्लिये, माझा हात मांडीवरून उठला नाही. तुला कळलंच असेल का. पोरीला काय माहीत मी एकदा तसा हात ठेवलाय.

सगळं सांगितलं, दुसरा तुकडा, ताटली पुसली तेही. बाईंनी पेनला टोपण लावलं. एवढ्या मोठ्याने हसल्या की नर्स डोकावली. म्हणाल्या, "अहो, हे आधी नाही का सांगायचं! ईदनंतर आठवडाभर अर्धं सफाकस माझ्या दारात सुजून उभं असतं आणि सगळ्यांनी फक्त वास घेतलेला असतो." मग हसू आवरून म्हणाल्या, "तुम्ही गप्प राहिला असता तर मी तुमचं ऑपरेशन मोडलं असतं. आकडा खरं सांगत होता, त्याचा अर्थ मी चुकीचा लावत होते, तुमच्यामुळे." गोळ्या वाढवल्या. म्हणाल्या, अजून वेळ आहे, थोडा आहे.

उठता उठता मी विचारलं, बाई, दमलेल्या हृदयाच्या म्हाताऱ्या बाईला ईदला एक ताटली खारा मासा दिला, तर तेवढ्याने ती जाईल का? आठ दिवसांत?

 म्हणाल्या, "तिचा आकडा कुणी काढला होता?" म्हटलं, तेव्हा कुठले आकडे. म्हणाल्या, "मग मी हो म्हणू शकत नाही. नाहीही म्हणू शकत नाही."

म्हणजे हे मला मरेपर्यंत कळणार नाही. पण दुसरं जे आहे ते मला पहिल्यापासून माहीत आहे. तू बेटावरून फोन करून सांगितलं होतंस, "ताई, डॉक्टर म्हणालेत आईला मिठाचा कणही नको." मी बरं म्हटलं होतं. ईदच्या सकाळी आईने ताट सरकवलं. "सणाच्या दिवशी मला आजाऱ्याचं जेवण? मी काय ह्या घरची कुणी नाही?" मला तिचं तोंड बघवेना. मी वाढलं. तिने बोटं चाटली, मला म्हणाली, माझ्यापेक्षा छान झालाय. तेवढं एक वाक्य मी बारा वर्षं जपून ठेवलंय, कुणाला सांगता येत नव्हतं म्हणून.

आणि तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला तू बोललीस तेव्हा मी ताटातल्या रोटीवर हात ठेवला आणि अन्नाची शपथ घेतली की दिलं नाही. सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मयताच्या घरात थोरल्या बहिणीवर बालंट घेते म्हणाले. तू त्याच दुपारच्या लूदने गेलीस. मी खिडकीतून बघत होते. एक हाक मारली असती तर पुरे होतं.

काल मी ज़ोहरामावशीकडे गेले. त्या दिवशीच्या बायकांतल्या तिघी उरल्यात, बाकी दोघींनाही तिथेच बोलावलं. चहा यायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर चहाबरोबर धीर गिळला असता. म्हटलं, अन्नावर हात ठेवून मी खोटं बोलले. शाद्लिया खरं बोलत होती.

 ज़ोहरामावशी, नव्वदीची, दात नाहीत, म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं गं. त्या ईदला मी भेटायला आले तर तुझ्या आईच्या बोटांना चरमूल्याचा वास होता."

म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"थोरलीची शपथ चारचौघींत कोण मोडणार? धाकटी गेली, ती गेली. घर तर राहिलं ना."

शाद्लिये, घर राहिलं नाही. मी त्यात राहिले, एवढंच.

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द मला लिहिता येतो, वर्गात शिकवलाय. पण तू मागायला लावशील तेव्हा तोंडाने म्हणेन.

सालहा

—

ऑपरेशनचा आदला दिवस

शाद्लिये,

आकडा नऊशे ऐंशी. यूसरने यंत्रातून कागद निघाला तसा धावत आणून दिला, कोटाची बटणं उघडी. बाईंनी वाचला, टेबलावर ठेवला आणि कापणाऱ्या डॉक्टरांना माझ्यादेखत फोन केला, "माझ्याकडून ती तयार आहे." मी म्हटलं, बाई, माझ्याकडूनही विचारा कुणीतरी. उद्या सकाळी सातला. वय झालंय, गाठ मोठी आहे, हृदय दुरुस्त नाही, फक्त विसावलंय. हे सगळं त्यांनी नीट सांगितलं, मीही नीट ऐकलं. ह्या वेळी काही लपवलं नाही, त्यांनीही नाही आणि मीही नाही.

आणि काल हमादी आला. हात मागे बांधून उभा. म्हटलं, काय, फेकलं का शेवटी तोंडावर? तर मागून बरणी काढली. तोंडाला निळं फडकं बांधलेलं, तुझ्या जुन्या ओढणीचं. ती ओढणी मी ओळखली, माझ्याच लग्नातली.

म्हटलं, चिठ्ठी? म्हणाला, चिठ्ठी नाही. शाद्लियामावशी एवढंच म्हणाल्या, "तिला सांग, ह्यात मीठ घातलेलं नाही. आणि बरणी मला परत पाहिजे."

चरमूला! ईद होऊन तीन आठवडे होत आले आणि तू कांद्यापुढे बसलीस. त्या गुडघ्यांनी.

हयेतने रोटी गरम केली. मी बसून खाल्लं, सगळ्यांसमोर, ताटात वाढून घेऊन. खरं सांगू? बेचव आहे गं. मिठाशिवाय मनुका नुसती गोड लागते आणि कांदा रडवा. आईच्या हाताची सर नाही. हयेतने माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "बघा, बहिणीच्याही हातचं आवडलं नाही, आता तरी पटलं ना दोष माझा नव्हता?" सगळे हसले. मी हसता हसता रडले, मग यूसरने नाडी बघितली. आताशा ह्या घरात कुणी रडलं की नाडी बघतात.

अर्धी बरणी संपवली. उरलेल्या अर्ध्याला कुणाला हात लावू दिलेला नाही.

आता बरणीचं. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मी तुला सांगायला नको. ह्या घरातून भरून द्यायचं ते खाऱ्या माशाने, ते आता होणे नाही. म्हणून मी ती परत पाठवत नाहीये. हमादी मागत होता, दिली नाही. बरी होऊन घरी आले तर काय भरायचं ते मी बघेन, माझ्या हातांनी. नाही आले तर यूसरला सांगून ठेवलंय, काहीही घाल, पण रिकामी देऊ नकोस, आणि हमादीच्या हाती तर मुळीच देऊ नकोस. ज्याची आहे त्याने दारात येऊन घ्यायची.

लूद तिकडून सकाळी सहाला सुटते. दवाखाना बंदराच्या बाजूलाच आहे, गुडघे दुखणाऱ्या बाईलाही जमेल. सातला मला आत नेतील, मग दुपारपर्यंत मी कुणाला ओळखणार नाही. दुपारी डोळे उघडले की पहिलं तुझं नाक दिसावं. यूसरचं दिसलं तरी मी तुझंच समजेन, पण खरं दिसलं तर बरं.

तुझी ताई